दिवसभर बोलणारी शालन

माझा रॉकेलचा डबा भरून घरी आला, शालन आली नाही. रांगेतल्या कुणी तरी तो भरून घेतला, कुणी तरी बिल्डिंगपर्यंत आणून माझ्या दारात ठेवला. कोण ते अजून कळलेलं नाही. शालन जमिनीवर पडलेली, लोक रिक्षा शोधतायत, आणि त्या गडबडीत एका माणसाने शांतपणे दोन डबे पुढे सरकवून भरून घेतले असतील... हे चित्र गेले काही आठवडे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सकाळी ती नेहमीसारखी वर्षाला घेऊन निघाली होती. मुलुंडहून बसने घाटकोपरला मुलीच्या शाळेत जायचं, तिला सोडून परत यायचं, दुपारी पुन्हा आणायला जायचं, हा तिचा रोजचा क्रम. जाताना माझ्या दारात थांबून म्हणाली, "नलू, येताना रॉकेलच्या लायनीत उभी राहते. तुझाही डबा दे." मी दिला. माझी शाळा सकाळची. साडी नेसता नेसता मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. पहिलीच्या वर्गात मी मुलांना 'घर' आणि 'घार' यातला फरक सांगत होते, तेवढ्यात शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या बिल्डिंगमधनं माणूस आलाय. तुमच्या शेजारीण लायनीत पडल्या म्हणे." मला वाटलं, चक्कर आली असेल. सकाळी चहावरच निघते ती. वाटेत तिला कसं रागवायचं याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली. हॉस्पिटलात पोचले तर दत्ताभाऊ, तिचे यजमान, बाकावर बसलेले होते. कारखान्यातून तसेच आले होते, हाताला ग्रीस. मेंदूतली शीर तुटली, डॉक्टरांनी तपासलं तेव्हाच काही उरलं नव्हतं, असं नर्सने सांगितलं. पस्तिशीची बाई. कधी डोकं दुखतं म्हणूनही बोलली नव्हती. दत्ताभाऊ माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "वहिनी, वर्षाची शाळा सुटेल आता."

म्हणून मी घाटकोपरला गेले. वर्षा ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत आहे. दहा वर्षांची, तिसरीत. फाटकाशी मी दिसताच ती हसली, मग तिने माझ्या मागे पाहिलं. मग रस्त्यापलीकडे पाहिलं. "आई कुठे?" तिने विचारलं. तिचा आवाज थोडा जाड, नाकातून येणारा, पण शब्द स्पष्ट. तो स्पष्टपणा किती वर्षांच्या मेहनतीचा होता ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "घरी चल." बसमध्ये सबंध आग्रा रोडभर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. वर्षाशी बोलताना तोंड फिरवायचं नाही, हा शालनचा पहिला नियम. त्या दिवशी मी खिडकीकडे तोंड करून बसले.

वर्षाला कसं सांगितलं ते पुढे येईलच. पण ते कळायचं तर आधी शालन कळली पाहिजे.

शालन मुळात अबोल. सावंतवाडीकडच्या एका वाडीतून लग्न होऊन आली तेव्हा वर्षभर बिल्डिंगमध्ये कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. माझ्याशी मैत्री झाली तीही न बोलता. मी गॅलरीत तांदूळ निवडत बसले की ती येऊन माझ्या सुपातले अर्धे आपल्या ताटात ओतून घ्यायची आणि निवडायला लागायची. वर्षा झाली तेव्हाही ती गप्पच होती. बडबडायची ती मुलगी. चार-सहा महिन्यांची होईपर्यंत इतर बाळांसारखेच तोंडाने बुडबुडे काढायची, आवाज करायची. मग हळूहळू गप्प होत गेली. आम्हाला वाटलं, आईवर गेली. शालनच्या सासूबाई म्हणायच्या, "हिचो बापूसय उशिरान बोललो. भियां नको गो." आम्ही कुणी भ्यायलो नाही. एके दिवशी शालनच्या स्वयंपाकघरातली मांडणी खिळ्यासकट निखळून कोसळली. ताटं, वाट्या, पातेली... मजल्यावरच्या चारही खोल्यांतली माणसं धावत आली. दोन वर्षांची वर्षा मांडणीकडे पाठ करून बसली होती आणि बाहुलीच्या डोक्याला तेल लावत होती. तिने मान वळवली नाही. शालनने खाली पडलेली परात उचलली, मुलीच्या मागे उभी राहिली आणि उलथन्याने वाजवत राहिली. शेवटी मीच तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

हॉस्पिटलात कानाच्या तपासण्या झाल्या. छातीवर खिशात ठेवायचं यंत्र आणि तिथून कानापर्यंत वायर, असं मिळालं. त्यातून वर्षाला थोडेसे जाड आवाज कळणार होते, शब्द नाहीत. शब्द ओठांवरून वाचायचे. तिथल्या बाईंनी शालनला सांगितलं, "आता हिच्याशी बोलायचं. तोंडासमोर बसून, उजेडात, दिवसभर." शालनने विचारलं, "ऐकू येत नाही तिच्याशी काय बोलू?" बाई म्हणाल्या, "हातात जे असेल ते. बटाटा असेल तर बटाटा."

दुसऱ्या दिवसापासून माझी अबोल मैत्रीण बोलायला लागली ती परवापर्यंत. "हा बटाटा. बटाटा धुतला. बटाटा ओला झाला. बघ, ओला. आता सालं काढू." सकाळी सहाला सुरू व्हायची. जिन्यात, नळावर, बसस्टॉपवर. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका मला विचारायच्या, "तुमची शेजारीण बरी आहे ना? एकटीच बडबडते." एकटी नसायची ती. तिच्यासमोर दीड हातावर एक लहान चेहरा असायचा, आणि त्या चेहऱ्यावरचे दोन डोळे तिच्या ओठांवर खिळलेले असायचे. रात्री अंथरुणावर पडली की शालनचा जबडा दुखायचा. मला हसून म्हणायची, "नलू, बाईचे हात दुखतात, पाय दुखतात. माझं तोंड दुखतं."

मी पंधरा वर्षं पहिलीला शिकवतेय. माझ्याकडे मुलं येतात ती सगळी भाषा डोक्यात घेऊनच. भांडण करता येतं, थाप मारता येते, आईची नक्कल करता येते. मी फक्त त्या बोलण्याला अक्षरं जोडून देते, आणि तेवढ्यावर मी स्वतःला शिक्षिका समजत होते. ही भाषा आधी येते कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वर्षाच्या बाबतीत तो रोज समोर यायचा. ओठांवर म, प आणि ब सारखेच दिसतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वर्षा 'बाबा'ला 'मामा' म्हणायची आणि मामा आला की त्यालाही तेच म्हणायची. म्हणून आम्ही अक्षरं लवकर आणली. माझी मुलं बोलतात आणि मग वाचतात. वर्षाने काही शब्द वाचले आणि मग बोलली. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'बाबा' आणि 'मामा' लिहून दिलं, शालनने ते दोघांच्या खिशांना टाचणीने लावलं. मामा त्या पाटीसकट पानाच्या गादीपर्यंत जाऊन आला.

मालवणी सोडावी लागली. बाईंनी सांगितलं होतं, घरात सगळ्यांनी एकाच पद्धतीने बोला, नाहीतर मुलीचा गोंधळ होईल. सासूबाईंना ते फार लागलं. "माज्या नातीक माजी भास कळाची नाय?" असं त्या मला विचारायच्या, जणू मीच तो नियम काढला होता. शालनने भांडण केलं नाही. वर्षासमोर ती शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलायची आणि सासूबाईंशी गॅलरीत येऊन मालवणीत. दोघींना वाद घालायचा असला तरी आधी बाहेर यायच्या. शेवटी एक दिवस सासूबाईंनीच नातीसमोर बसून, एकेक शब्द दातांत धरल्यासारखा म्हटला, "तू. जेवलीस. का?" आणि वर्षा म्हणाली, "जेवली." म्हातारी उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सगळ्यात हसलो ते 'ने' आणि 'ला'च्या पायी. शब्द येत होते, पण शब्दांना लागणारे हे बारके प्रत्यय वर्षाला दिसतच नव्हते. एकदा शाळेत तिने लिहिलं, 'मी आई मारली.' तिथल्या बाईंनी शालनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. खरं तर पाणी सांडलं म्हणून शालननेच तिला चापट दिली होती. शालन घरी आली ती हसून हसून डोळे पुसत. म्हणाली, "नलू, चल, उभी राहा." गॅलरीत आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. मध्ये वर्षा, हातात शब्दांच्या चिठ्ठ्या. तिने चिठ्ठ्या लावल्या, 'शालनने नलूला ढकललं.' शालनने मला ढकललं. मग 'ने' आणि 'ला' तिथल्या तिथे बदलले, आणि मी शालनला ढकललं. दोन जाडजूड बायका एकमेकींना ढकलतायत, शेजारपाजारचे दारात येऊन बघतायत. चौथ्या-पाचव्या वेळी वर्षाच्या चेहऱ्यावर काही तरी झालं. ती त्या दोन चिमुकल्या चिठ्ठ्यांकडे बघायला लागली. नावं तीच, शब्द तेच, आणि पडणारी बाई वेगळी. तिने स्वतः 'आजी'ची चिठ्ठी शोधून आणली, नीट लावली, आणि मोठ्याने म्हणाली, "आजीने मावशीला ढकललं." सासूबाईंना यावं लागलं. त्यांनी मला असं ढकललं की मी कठड्यावर आपटले. त्या मुलीचं त्या दिवशीचं हसणं सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं असेल.

एक गोष्ट मात्र शालनने हसत सांगितलेली नाही. वर्षा सहा वर्षांची असताना आजोबा गेले. कुणी तरी तिला सांगितलं, आजोबा गावाला गेले. तेवढं तिला कळलं. मे महिन्यात सगळी गावी गेली, तेव्हा पोचल्या पोचल्या ती मुलगी खोल्या बघायला लागली. माजघर, गोठा, मागची पडवी. भाताच्या कणगीचं झाकण उघडून आत पाहिलं. संध्याकाळी त्यांच्या जुन्या वहाणा घेऊन पायरीवर बसली आणि कुणी उचलायला गेलं की चावायची. शालन परत आल्यावर मला म्हणाली, "खोटं सांगायला निदान चार वाक्यं तरी यायला हवीत गं समोरच्याला. तिच्याकडे एकच वाक्य होतं. तेच आपण खोटं दिलं." त्यानंतर तिने वर्षाला 'मेले' हा शब्द शिकवला. गॅलरीत मरून पडलेली चिमणी हातात घेऊन शिकवला. "चिमणी मेली. उडणार नाही. खाणार नाही. आजोबा मेले. येणार नाहीत." बिल्डिंगमधल्या बायकांना ते अभद्र वाटलं. मलाही, खरं सांगायचं तर.

आता त्या दुपारकडे येते.

आम्ही घरी पोचलो तेव्हा गॅलरी माणसांनी भरलेली होती. शालनला अजून आणायचं होतं. सगळी तोंडं एकाच वेळी हलत होती, कुणी रडत होतं, कुणी पदर तोंडाला लावला होता. वर्षा एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर फिरवत होती आणि तिला एकही शब्द लागत नव्हता. तिने यंत्राचं बटण फिरवून आवाज वाढवला. त्यातून तिला काय ऐकू आलं असेल... रडण्याचा नुसता जाड गोंगाट. सासूबाईंनी माझा हात धरला. धक्क्याने त्या पुन्हा आपल्या भाषेत गेल्या होत्या. "चेडवाक सांगा नको गो, नलू. आवस गावाक गेली म्हणान सांग." आई गावाला गेली म्हणायचं, यावर आजूबाजूच्या बायकांनीही माना डोलावल्या. लहान आहे, आत्ता नको, बारावं होऊ दे.

दत्ताभाऊ दारात उभे होते. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, शालनने काय केलं असतं, तुम्हाला माहीत आहे." ते मुलीचा हात धरून आत गेले आणि मला मागे यायची खूण केली.

आत ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. या माणसाने आपल्या मुलीशी तोवर धड बोलणं केलेलं नव्हतं. प्रेम नव्हतं असं नाही. पण काही सांगायचं असलं की ते शालनला सांगायचे आणि शालन वर्षाला सांगायची. ओठ झाकून टाकतील अशा त्यांच्या दाट मिशा, आणि बोलणं तोंडातल्या तोंडात. वर्षा त्यांचं बोलणं कधी वाचूच शकत नसे. शालन मिशा काढा म्हणून मागे लागायची, ते म्हणायचे, वडील असताना कुणी काढतं का. वडील गेल्यावर गावी विधीला काढल्या, पण पुन्हा वाढवूनच परत आले; म्हणायचे, आता सवय झाली. ते तिच्यासमोर म्हणाले, "आई मेली." वर्षा बघत राहिली. ते पुन्हा म्हणाले. तिने मान हलवली, कळलं नाही. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फुटला, आणि ओठ तर आणखीच वाकडे झाले. तिने माझ्याकडे पाहिलं. नेहमी ती अशा वेळी आईकडे बघायची. मी पुढे झाले, पण दत्ताभाऊंनी हाताने थांबवलं. कोपऱ्यात तिची पाटी होती, ती ओढून घेतली आणि लिहिलं. 'आई मेली.' अक्षर कामगाराचं, मोठं, एकेक वेलांटी जपून दिलेली.

वर्षाने वाचलं. ओठ हलवून पुन्हा वाचलं. मग तळहाताने पाटी पुसली. नीट, कोपऱ्यांपर्यंत पुसली. दत्ताभाऊंनी पुन्हा तेच लिहिलं. तिने पुन्हा पुसलं. मग पेन्सिल त्यांच्या हातातून काढून घेतली आणि लिहिलं, 'का'.

काय, कोण, कुठे, हे सगळे प्रश्न तिला येत होते. 'का' येत नव्हता. 'क' घशात तयार होतो, ओठांवर दिसत नाही, पण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बोटाने दाखवता येतात. 'कारण' ही गोष्ट हातात धरून दाखवता येत नाही. शालनने दोन वर्षं त्यासाठी काय नाही केलं. मुद्दाम पाणी सांडायची, चपला उलट्या घालायची, साखरेऐवजी मीठ टाकायची, आणि वाट बघायची. वर्षा ओरडायची, हसायची, पण विचारायची नाही. "का म्हण" म्हटलं की "का म्हण" म्हणायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, येईल, घाई करू नका. तो त्या दुपारी आला. दत्ताभाऊंनी पेन्सिल घेतली. मग लिहिलं, 'माहीत नाही.' वर्षाने ते पुसलं नाही.

शालनला आणलं तेव्हा ती आईजवळ बसली. कुणी अडवलं नाही. तिने आईचे ओठ पाहिले, अगदी जवळ जाऊन, थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःच माझ्याकडे वळून म्हणाली, "मेली." आणि तेव्हा ती रडली.

मुलगा नाही म्हणून सगळे विधी दत्ताभाऊंनीच केले. दहाव्याला क्षौर झालं, डोक्यावरचे केस आणि मिशा दोन्ही गेल्या. घरी आले तर वर्षा आजीच्या मागे लपली. तिने त्यांना असं कधी पाहिलेलंच नव्हतं. ते दारातच थांबले आणि म्हणाले, "मी. बाबा." ती बघत राहिली. मग पुढे आली आणि बोट उचलून त्यांच्या वरच्या ओठावर ठेवलं, इकडून तिकडे फिरवलं. "पुन्हा," ती म्हणाली. ते पुन्हा म्हणाले. "पुन्हा." दारात चपला काढायच्या राहिलेल्या, खांद्यावर पंचा, आणि हा माणूस मुलीच्या बोटाखाली 'बाबा, बाबा' म्हणत उभा... सासूबाईंनी मला आत ओढून घेतलं. त्यांना ते बघवेना.

डोक्यावर आता केस आलेत, मिशा मात्र त्यांनी परत ठेवल्या नाहीत. रोज सकाळी वस्तरा ओठांवरूनही फिरतो.

गेल्या रविवारी मी वाटीभर उसळ घेऊन त्यांच्याकडे गेले. शालनच्या स्वयंपाकघरात खिडकीला लागून एक लाकडी स्टूल आहे. बोलणाऱ्याने तिथे बसायचं, म्हणजे उजेड तोंडावर पडतो. ऐकणाऱ्याने समोर पाटावर. आठ वर्षं त्या स्टुलावर शालनशिवाय कुणी बसल्याचं मला आठवत नाही. मी दारातच थबकले. स्टुलावर दत्ताभाऊ बसले होते. पाटावर वर्षा. सासूबाई स्टोव्हशी भाकऱ्या थापत होत्या.

"आई बोटीने आली," दत्ताभाऊ सांगत होते. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "लग्न झालं. मग आई आणि मी बोटीत बसलो. मुंबईला यायला. समुद्र मोठा. बोट हलली. खूप हलली." त्यांनी दोन्ही हातांनी बोट हलवून दाखवली. "आई ओकली. माझ्या शर्टावर ओकली. नवीन शर्ट."

वर्षा हसायला लागली. मला हे कधीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत शालनने मला सांगितलं नव्हतं. बटाट्याबद्दल बोलली, पाण्याबद्दल बोलली, जगातल्या सगळ्या वस्तूंबद्दल मुलीशी बोलली, पण स्वतःबद्दल ती शेवटपर्यंत अबोलच राहिली. हसता हसता माझे डोळे भरून आले. त्याच वेळी दत्ताभाऊंची नजर माझ्याकडे गेली. ते बोलायचे थांबले, आणि त्यांनीही तोंड फिरवलं.

वर्षाने पाटावरून उठून त्यांची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे, उजेडाकडे वळवलं.

"मग?" ती म्हणाली.